कांजिण्या कुणाला आल्या होत्या?

शनिवारची सकाळ. एका लेखाची डेडलाइन डोक्यावर, हातात चहाचा मग, आणि वहिनीचा फोन.

‘‘अगं, घाबरू नकोस, पण पिल्लूला अंगभर पुरळ आलंय. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या आहेत. तू गुरुवारी आली होतीस ना, म्हणून म्हटलं तुला सांगावं.’’

गुरुवारी पिल्लूचा पाचवा वाढदिवस होता. केक कापून झाल्यावर साहेब माझ्या मांडीवर झोपून गेले होते. चांगले दोन तास! अंगावर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या दुसऱ्याला लागू शकतात, हे ज्ञान मला शनिवारी गूगलने दिलं. म्हणजे हिशेब जुळत होता. अगदी नको तितका जुळत होता.

एरवी मी ‘बिच्चारं पिल्लू’ म्हणून फोन ठेवला असता आणि पुन्हा कीबोर्ड बडवायला लागले असते. पण माझा फंडा थोडा वेगळा आहे. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि त्या आठवड्यात मी रोज चाळीस मिलिग्रॅम स्टेरॉइड घेत होते. जोडीला नुकतीच सुरू झालेली ॲझाथायोप्रिन. थोडक्यात, माझ्या शरीराच्या सिक्युरिटी गार्डला डॉक्टरांनी मुद्दाम पेंग आणलेली होती.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी शॉर्टमध्ये. आयबीडी, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारे आजार. त्यात मुख्य दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा होतात. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतं. (ज्यांच्या नावावरून हे नाव पडलं त्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये या आजाराचं वर्णन केलं.) परीक्षेच्या टेन्शनने पोट बिघडतं ते आयबीएस, हे ते नव्हे. जास्त वडापाव खाल्ल्यानेही हे होत नाही, आणि माझ्या शेजारी बसल्याने कुणाला लागतही नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते आणि मग तिला आवरायला औषधं द्यावी लागतात. प्रॉब्लेम असा, की आवरलेली प्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही नीट आवरू शकत नाही. निरोगी मुलाला आठवड्याभरात सोडून जाणाऱ्या कांजिण्या माझ्यासारखीला फुप्फुसापर्यंत त्रास देऊ शकतात.

तर मी आईला फोन केला.

‘‘आई, मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात ना?’’

‘‘म्हणजे काय! मी स्वतः अंथरुणावर कडुनिंबाचा पाला घातला होता. आठवडाभर आंघोळ नाही. तुला आठवत नाही?’’

हुश्श! एकदा येऊन गेल्या म्हणजे बहुतेकांना पुन्हा येत नाहीत. मी चहा गरम करून घेतला. वीस मिनिटांनी आईचा पुन्हा फोन. आवाज पार उतरलेला.

‘‘अगं, तो पाला तुझ्या दादासाठी होता. तुला लागू नये म्हणून तर तुला मी मिरजेला मावशीकडे पाठवलं होतं.’’

आता बोला!

तेव्हा आईने मला वाचवलं होतं. आणि वाचवलं म्हणूनच वीस-बावीस वर्षांनी मी सगळ्यात वाईट टायमिंगला कांजिण्यांच्या समोर उभी होते. यात आईची काही चूक नाही. चूक झाली ती पुढे. गेल्या दोन वर्षांत मी तीन डॉक्टर बदलले, दोन कोलोनोस्कोप्या केल्या, रिपोर्टची फाइल किलोभर जड झाली. पण ‘लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या का?’ हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारलं नाही.

रविवारी माझ्या गॅस्ट्रोच्या मॅडमनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. सोमवारी रक्ताची तपासणी. कांजिण्यांविरुद्धची अँटिबॉडी निगेटिव्ह. म्हणजे आई बरोबर होती, फक्त दुसऱ्या फोनमध्ये. मॅडमनी विषाणूविरोधी गोळ्यांचा कोर्स दिला आणि सांगितलं, की ताप, पुरळ, खोकला, काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. वाट बघायची नाही. स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करायचं नाही, ते एकदम थांबवणंही धोक्याचं.

कांजिण्या अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात. मी फ्रिजवर कॅलेंडर लावलं आणि रोज एक फुली मारायला लागले. सकाळी उठलं की आधी आरशात पोट बघायचं, मग पाठ. एकदा डास चावला तर मी रात्री अकरा वाजता मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी उत्तर पाठवलं, ‘डास आहे. झोप.’

एकविसाव्या दिवशी काहीही झालं नव्हतं. बाविसाव्या दिवशी मी क्लिनिकमध्ये जाऊन बसले आणि विचारलं, ‘‘मॅडम, हे सगळं टाळता आलं असतं का?’’

‘‘आलं असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घाटात शिरल्यावर ब्रेक तपासून काय उपयोग? ते घाटाच्या आधी तपासायचे असतात.’’

घाटाच्या आधी

मॅडमनी जे समजावलं ते मला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. म्हणून हे सगळं इथे लिहितेय.

लशी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक जिवंत, म्हणजे ज्यांत रोगजंतू दुबळा करून वापरलेला असतो. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर, यलो फीव्हर, तोंडाने द्यायचा पोलिओ डोस, तोंडाने घ्यायची टायफॉइडची लस आणि जन्मल्यावर टोचतात ती बीसीजी या सगळ्या जिवंत. दुसऱ्या निर्जीव. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाची लस, नेहमीची हिपॅटायटिस बी, एचपीव्ही, धनुर्वात, टायफॉइडचं इंजेक्शन.

निर्जीव लशी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असतानाही घेता येतात. फार तर त्यांचा परिणाम थोडा कमी होतो. जिवंत लशींचं तसं नाही. मोठ्या डोसची स्टेरॉइड्स, इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखी बायोलॉजिक्स, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या सुरू असतील तर जिवंत लस साधारणपणे देत नाहीत, कारण तो दुबळा जंतूही डोकं वर काढू शकतो. त्यामुळे अशी लस हवी असेल तर औषध सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी. एकदा औषध सुरू झालं की पुन्हा संधी मिळायला ते थांबवून काही महिने जावे लागतात. आणि औषध थांबवलं की आतडं बसतं बोंबलत!

अर्थात, फ्लेअर जोरात असेल तर लशीसाठी चार आठवडे औषध अडवून ठेवणंही शहाणपणाचं नाही. म्हणून खरी वेळ कोणती? आजाराचं निदान झालं तीच. तेव्हा बहुतेकांना साध्या मेसालामाइनच्या गोळ्या चालू असतात. त्या प्रतिकारशक्तीला हात लावत नाहीत. माझे असे सहा महिने होते. मी ते ‘हळद-दूध घेतलं तर बरं होईल का’ या रिसर्चमध्ये घालवले.

‘लहानपणीच सगळं झालंय’

आपल्याला वाटतं, लशी म्हणजे लहान मुलांचं प्रकरण. आमच्या वयाच्या पोरापोरींनी जरा हिशेब करून बघा. हिपॅटायटिस बीची लस सरकारी कार्यक्रमात काही भागांत २००२च्या सुमाराला आली आणि देशभर २०११मध्ये. गोवराचा दुसरा डोस २०१०नंतर. कांजिण्यांची लस तर आजही राष्ट्रीय कार्यक्रमात नाही, ती आईबाबांनी पदरचे पैसे मोजून दिली असेल तरच. म्हणजे आज जे पंचविशी-तिशीत आहेत, त्यांना लहानपणी ‘सगळं’ मिळालंय हे गृहीत धरण्यात काही अर्थ नाही.

माझं लसीकरणाचं कार्ड शोधायला आईने कपाटावरची ट्रंक काढली. त्यात दादाची दहावीची मार्कशीट, बाबांच्या लुनाचं आरसी बुक, आणि घडीवर फाटलेलं एक पिवळं कार्ड. पोलिओ, ट्रिपल, गोवर एकदा. बस्स. हिपॅटायटिस बीचा पत्ता नाही.

आणि हे साधं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतात गपचूप बसलेला असेल तर प्रतिकारशक्ती दाबल्यावर तो जागा होऊ शकतो. म्हणून आधी रक्त तपासतात, आणि संरक्षण नसेल तर लस. नेहमीचं वेळापत्रक तीन डोसचं. आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आपल्यासारख्यांनी शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी पुन्हा मोजून घ्यायची, कारण लस ‘घेतली’ आणि लस ‘लागली’ यात फरक पडू शकतो.

टीबीचंही तेच. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ साली परवानगी मिळाली आणि २००१पर्यंत डॉक्टरांच्या लक्षात आलं, की या औषधावर असलेल्या काही पेशंट्समध्ये लपलेला टीबी उफाळून येतोय. तेव्हापासून औषधाआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करतात. भारतात तर ही पायरी गाळण्याचा प्रश्नच नाही. दंडावरच्या बीसीजीच्या वणाकडे बघून ‘मी सेफ’ असं समजू नका. मोठेपणी येणारा टीबी तो वण अडवेलच असं नाही.

नैरोबी कॅन्सल

हे सगळं मी माझ्या एका मित्राला सांगितलं तेव्हा तो कसंनुसं हसला. हिंजवडीत नोकरी, क्रोन्सला चार वर्षं झालेली, दर पंधरा दिवसांनी स्वतःच अडालिमुमॅबचं इंजेक्शन घेतो. त्याला कंपनीने नैरोबीला ऑनसाइट पाठवायचं ठरवलं. आठ महिने, पैसे सही, वीकेंडला सफारी. व्हिसाच्या यादीत एक ओळ : यलो फीव्हरची लस.

यलो फीव्हरची लस जिवंत. केनियाहून परत येताना भारतात या लशीचं सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. पण त्याला त्या सहा दिवसांची पर्वा नव्हती. लशीशिवाय तिथे राहायचं म्हणजे खऱ्या आजाराचाही धोका, आणि लस घ्यायची तर औषध थांबवून क्रोन्सला आमंत्रण. शेवटी टीममधला दुसरा गेला.

‘‘ही लस एकदा घेतली की २०१६पासून सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं,’’ तो म्हणाला. ‘‘इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे दोन महिने होते. माझ्या फील्डमध्ये कधी ना कधी आफ्रिका येणार हे मला माहीत होतं. पण तेव्हा कुणाच्या डोक्यात आफ्रिका होती?’’

तर मंडळी, औषध बदलण्याआधी डॉक्टरांना फक्त दुखणं सांगू नका. प्लॅन्सही सांगा. परदेशात जायचंय का, घरात लहान मूल आहे का, आणि हो, स्वतःला बाळ हवंय का, तेसुद्धा.

बाळाचा मुद्दा मुद्दाम सांगते. गरोदरपणात बहुतेक वेळा औषध चालू ठेवायलाच सांगतात, कारण फ्लेअर आई आणि बाळ दोघांना जास्त महाग पडतो. पण इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध वारेतून बाळाच्या रक्तात जातं आणि जन्मानंतर काही महिने राहतं. आपल्याकडे बाळाला बीसीजी टोचतात ती जन्मल्याबरोबर. ती जिवंत! इंग्लंडमधल्या अशाच एका बाळाचा बीसीजीनंतर मृत्यू झाल्याचं २०१०मध्ये डॉक्टरांनी नोंदवलं. म्हणून अशा बाळाची बीसीजी सहा महिने ते वर्षभर पुढे ढकलतात. प्रसूतीच्या खोलीत हे आठवेलच असं नाही. गॅस्ट्रोची चिठ्ठी डिलिव्हरीच्या आधीच बाळाच्या डॉक्टरांकडे पोचलेली हवी. बाकीच्या निर्जीव लशी बाळाला वेळेवरच द्यायच्या.

‘लस घेतली की फ्लेअर येतो’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझा त्यावर विश्वास बसत आला होता. २०२१मध्ये करोनाच्या लशीच्या वेळी तर ऊत आला होता. तेव्हा आपल्याकडे दिल्या गेलेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन, दोन्हींतला विषाणू शरीरात वाढू शकणारा नव्हता. मॅडमचं उत्तर सरळ आहे. आतापर्यंतच्या अभ्यासांतून लशींमुळे आयबीडी उफाळतो असं दिसलेलं नाही. इन्फेक्शनने मात्र माणूस हॉस्पिटलात जातो. दंड दोन दिवस दुखेल, थोडी कणकण येईल. तो फ्लेअर नाही.

फ्लूची लस दर वर्षी. पुण्या-मुंबईकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून वळवाच्या आधी-नंतर कधीतरी उरकून टाकायची. २००९मधला पुण्यातला स्वाइन फ्लू आठवतोय? आम्ही शाळेत रुमाल बांधून जायचो. त्यानंतर २०१०मध्ये पुण्यातच तयार झालेली एक स्वाइन फ्लूची लस नाकात मारायची होती, आणि ती जिवंत होती. म्हणजे ‘फ्लूची लस’ एवढं म्हणून भागत नाही. आपल्याला इंजेक्शनवाली.

आणि लशीपलीकडचंही थोडं. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात बराच पसरलेला असेल, तर साधारण आठ वर्षांनंतर कॅन्सरसाठी ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी, बरं वाटत असलं तरी. स्टेरॉइड तीन महिन्यांवर गेलं तर हाडांची घनता बघायची. ॲझाथायोप्रिन चालू असेल तर सनस्क्रीन ही फॅशन नाही, ते प्रिस्क्रिप्शन समजा, कारण या औषधाने त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मुलींनो, एचपीव्हीची लस आणि पॅप टेस्ट. आपल्यासारख्यांना एचपीव्हीचे तीन डोस लागतात. पुण्याच्या सीरमची स्वतःची एचपीव्ही लस २०२३मध्ये आली आहे. आणि क्रोन्सवाल्यांनो, सिगारेट सोडा. त्यावर मी जोक करणार नाही.

आता काय?

मला कांजिण्यांची लस सध्या मिळणार नाही. फ्लेअर आवरायला वेळ लागेल, पुढे कदाचित बायोलॉजिक. पुढची संधी कधी, मॅडम सांगू शकत नाहीत. मग माझ्याऐवजी माझ्या आजूबाजूच्यांनी लस घेतली. वहिनीला कांजिण्या आल्याच नव्हत्या, तिने दोन डोस घेतले. माझ्या फ्लॅटमेटने तपासून घेतलं. घरातल्यांनी कांजिण्यांची लस घेतलेली चालते, फक्त लशीनंतर पुरळ आलं तर ते जाईपर्यंत माझ्यापासून लांब राहायचं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस घेतली आणि ‘काही कळलंसुद्धा नाही’ असं निदान दहा जणांना सांगितलं.

आणि मी एक नवी फाइल केली. पातळ, निळी. रिपोर्टची वेगळी, ही वेगळी. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या लशींची नोंद कुणीच ठेवत नाही. पोटाच्या डॉक्टरांना वाटतं फॅमिली डॉक्टर बघतील, फॅमिली डॉक्टरांना वाटतं एवढे मोठे स्पेशलिस्ट बघतच असतील. मधल्या मध्ये आपण. तेव्हा फाइल आपलीच.

निळ्या फाइलमध्ये काय हवं?

● लहानपणीच्या कार्डाची झेरॉक्स. कार्ड नसेल तर आईची साक्ष चालेल, पण रक्ताची तपासणी करूनच!

● कांजिण्या आणि गोवराच्या अँटिबॉडी, हिपॅटायटिस बी, टीबी : चारही रिपोर्ट, तारखेसह.

● फ्लू दर वर्षी. न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी, एचपीव्ही, धनुर्वात : कुठला डोस झाला, कुठला बाकी. लशीच्या बाटलीचं स्टिकर चिकटवून.

● कांजिण्या येऊन गेल्या असतील तर नागिणीच्या नव्या, निर्जीव लशीबद्दल विचारणं. भारतात ती २०२३पासून मिळते. टोफासिटिनिब घेणाऱ्यांनी नक्की विचारा, त्या औषधाने नागिणीचा धोका वाढतो.

● शेवटची कोलोनोस्कोपी, हाडांची तपासणी, पॅप टेस्ट.

● पहिल्या पानावर ठळक अक्षरात : कुठली औषधं चालू आहेत, आणि ‘जिवंत लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको’.

प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा ही यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. यादी हातात असली की पाच मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्येही बरंच होतं.

गेल्या रविवारी दादाकडे गेले होते. पिल्लूच्या कपाळावर कांजिण्यांचा एक छोटा खड्डा राहिलाय, तो सगळ्यांना कौतुकाने दाखवतो. मला म्हणाला, ‘‘आत्या, तुला का नाही आल्या?’’

‘‘मला तेव्हा मिरजेला पाठवलं होतं,’’ मी म्हटलं.

‘‘मग आता परत जा ना मिरजेला!’’

आता मिरजेला जाऊन भागणार नाही रे राजा. तुमचं पिवळं कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे, मंडळी? आज आईला फोन करा. आणि वीस मिनिटं थांबून पुन्हा एकदा करा.